प्रत्यारोपित वृक्काचे निरीक्षण आणि वैद्याची जबाबदारी

वृक्क-प्रत्यारोपण झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येणे ही आता दुर्मिळ घटना राहिलेली नाही. असा रुग्ण बहुधा वृक्कासाठी येतच नाही. त्याची तक्रार खोकल्याची असते, केस गळण्याची असते, आम्लपित्ताची, मलावष्टंभाची किंवा अशक्तपणाची असते. कित्येकदा तो केवळ ‘इतक्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या का, काही कमी करता येतील का’ एवढेच विचारण्यासाठी येतो. प्रत्यारोपण झाल्याची गोष्ट बोलण्याच्या ओघात उशिरा निघते, किंवा उदरपरीक्षेच्या वेळी व्रणवस्तू दिसल्यावरच कळते. अशा रुग्णाच्या वृक्काचे निरीक्षण कसे चालते, त्यातील कोणता आकडा काय सांगतो आणि आपल्या नित्याच्या औषधयोजनेने त्यात कोठे बाधा येऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. रुग्णाची व्याधिक्षमता वाढवावी, त्याचे बल व ओज जपावे, हे आपल्या सर्व शिक्षणाचे सार आहे. प्रत्यारोपित वृक्काचा रुग्ण हा या नियमाला अपवाद आहे. त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी हेतुतः दाबून ठेवलेली असते आणि त्या दाबण्यावरच त्याचा वृक्क टिकून असतो. तेथे ‘बल वाढविणे’ म्हणजे काय, याचा अर्थ नव्याने समजून घ्यावा लागतो.

स्वकीय आणि परकीय

सुश्रुताचार्यांनी वर्णिलेले नासासंधान वैद्यवर्गाला सुपरिचित आहे. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाच्या नाकाच्या पुनर्रचनेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, हेही अनेकांच्या वाचनात असेल. या शस्त्रकर्मात वापरलेली त्वचा त्याच मनुष्याच्या कपाळाची होती. स्वकीय धातू शरीराने स्वीकारला, यात नवल नाही. परक्याच्या धातूची गोष्ट मात्र वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करताना डॉ. जोसेफ मरे या अमेरिकन शल्यविशारदांनी पाहिले की, दुसऱ्या मनुष्याची त्वचा लावली तर काही दिवसांत ती गळून पडते. याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत त्यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे पहिले यशस्वी वृक्क-प्रत्यारोपण केले. दाता व ग्रहणकर्ता हे एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने तो वृक्क परका मानला नाही. तो ग्रहणकर्ता त्यानंतर आठ वर्षे जगला. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जुळे भावंड सर्वांना नसते. त्यामुळे परक्या वृक्कासह जगण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे शोधावी लागली. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले व १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. जपानमधील त्सुकुबा परिसरातील मातीतल्या सूक्ष्मजंतूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस हाती लागले. आपल्या देशात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली वृक्क-प्रत्यारोपण यशस्वी झाले. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आरंभीच ज्या राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही होती.

आपल्याकडील बहुसंख्य प्रत्यारोपणांत वृक्क जिवंत व जवळच्या नातलगाने दिलेला असतो. दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांची संख्या मोठी आहे. म्हणजे आपल्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या उदरात बहुधा घरातल्याच कोणाचा तरी एक वृक्क असतो. तो गेला तर तेच माणूस दुसरा देऊ शकत नाही.

मूक अवयव

नवा वृक्क मूळ वृक्कांच्या जागी बसवीत नाहीत. तो अधोदरात, बहुधा उजव्या बाजूस, श्रोणिफलकाच्या खोलगट भागात ठेवतात, तेथील रक्तवाहिन्यांना जोडतात आणि त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. मूळ वृक्क सामान्यतः तसेच राहू दिले जातात. त्यामुळे पाठीत किंवा कुक्षीत दुखते म्हणून ‘नव्या किडनीचे काही असेल’ असा रुग्णाचा समज असला, तरी नवा वृक्क तेथे नसतोच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शस्त्रकर्मात रक्तवाहिन्या जोडता येतात, वेदनावाहक नाड्या जोडल्या जात नाहीत. म्हणून प्रत्यारोपित वृक्कात अश्मरी झाली किंवा मूत्रमार्गात अवरोध आला, तरी नेहमीचा तीव्र वृक्कशूल उठत नाही. अस्वीकृतीची प्रक्रिया सुरू असतानाही रुग्ण पुष्कळदा हिंडता-फिरता असतो, त्याला भूक लागते, झोप लागते, मूत्रप्रवृत्तीही होत असते. पूर्वी अस्वीकृतीत ज्वर, वृक्कस्थानी शोथ व स्पर्शासहत्व ही लक्षणे ठळक दिसत. आजच्या औषधांमुळे ती पुसट झाली आहेत. प्रश्नपरीक्षेत सर्व काही ठीक असूनही आत हानी चाललेली असू शकते. म्हणूनच या रुग्णात प्रयोगशाळेतील आकडे हेच पहिले लक्षण मानावे लागते.

रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान ही तीन साधने चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितली आहेत. येथे प्रत्यक्ष अपुरे पडते. रक्तमूत्राच्या तपासण्यांवरून केलेले अनुमान त्याची उणीव भरून काढते.

निरीक्षण कशाचे करतात?

निरीक्षणातून चार प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. वृक्क गाळण्याचे काम करीत आहे काय? त्याची गाळणी फाटली आहे काय? औषधाची रक्तातील मात्रा योग्य आहे काय? आणि दाबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे किंवा औषधांमुळे अन्य काही अपाय होत आहे काय? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत याची वेळापत्रके दिली आहेत. ती थोडक्यात अशी :

१. रक्तातील क्रिएटिनिन : पहिल्या सप्ताहात दररोज, दुसऱ्या ते चौथ्या सप्ताहात आठवड्यातून दोन ते तीन वेळा, दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात दर आठवड्यास, चौथ्या ते सहाव्या महिन्यात दर पंधरवड्यास, सातव्या ते बाराव्या महिन्यात दरमहा, आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी.

२. मूत्रातील प्रथिने : पहिल्या महिन्यात एकदा, पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी, पुढे निदान वर्षातून एकदा.

३. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची रक्तपातळी : शस्त्रकर्मानंतर इष्ट पातळी येईपर्यंत दिवसाआड, पुढे औषधांत बदल झाला किंवा रुग्णाची स्थिती पालटली की पुन्हा, आणि वृक्काचे कार्य घटल्याचे दिसताच तत्काळ.

४. रक्तकणांची गणना : आरंभी क्रिएटिनिनप्रमाणेच वारंवार, चौथ्या ते बाराव्या महिन्यात दरमहा, पुढे निदान वर्षातून एकदा.

५. रक्तशर्करा : पहिले चार आठवडे साप्ताहिक, वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे वार्षिक. टॅक्रोलिमस व स्टेरॉइड यांमुळे पूर्वी नसलेला मधुमेह उद्भवू शकतो, हे त्याचे कारण.

६. बीके विषाणू : पहिले तीन ते सहा महिने दरमहा, नंतर वर्ष पुरे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात सुप्त असतो. प्रतिकारशक्ती फार दाबली गेली की तो नव्या वृक्कालाच ग्रासतो.

यांखेरीज प्रत्येक भेटीत रक्तदाब पाहतात. तो १३०/८० च्या आत राखण्याचा प्रयत्न असतो. प्रत्येक केंद्राची पद्धत थोडी निराळी असते, परंतु चौकट हीच असते.

आकडा कसा वाचावा?

येथे एक चूक वारंवार घडते. प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते आणि रुग्ण व वैद्य दोघेही आकडा त्या मर्यादेशी ताडून निश्चिंत होतात. प्रत्यारोपित वृक्काच्या बाबतीत हे योग्य नाही. त्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या मूळ पातळीशी ताडावा लागतो. समजा, एखाद्या रुग्णाचे क्रिएटिनिन वर्षभर प्रति डेसिलिटर ०.९ मिलिग्रॅम होते आणि आता ते १.२ झाले. अहवालावर कोणतीही खूण नसेल, पण वाढ तिसऱ्या हिश्श्याची आहे. सर्वसाधारणपणे मूळ पातळीच्या २० ते २५ टक्के वाढ दिसली की कारणाचा शोध घेतलाच पाहिजे असे मानतात. याउलट, एखाद्या रुग्णाची मूळ पातळीच १.६ असेल व ती चार वर्षे स्थिर असेल, तर तो छापील मर्यादेबाहेर असूनही चिंतेचे तातडीचे कारण नाही.

म्हणून सुटा अहवाल पाहून मत देऊ नये. रुग्णाकडील गेल्या वर्षभराचे अहवाल तारखेच्या क्रमाने मांडावेत, म्हणजे आकड्याचा कल दिसतो.

क्रिएटिनिनची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते उशिरा वाढते. बरीच गाळणी निकामी झाल्यावरच त्याचा आकडा हलतो. शिवाय ते मांसधातूपासून निर्माण होत असल्याने कृश व मांसक्षीण रुग्णात ते कमी दिसते. मूत्रातील प्रथिने म्हणूनच स्वतंत्रपणे पाहावी लागतात. क्रिएटिनिन स्थिर असताना प्रथिने वाढू लागली, तर मूळ व्याधीचा पुनरुद्भव किंवा मंदगती अस्वीकृती यांची शंका घ्यावी. काही वृक्कविकार नव्या वृक्कातही पुन्हा उद्भवतात, आणि त्यांतील एखादा तर शस्त्रकर्मानंतर काही दिवसांतच दिसतो.

कारण न उलगडणारी वाढ कायम राहिली, तर बायॉप्सी करतात. तिचा अर्थ लावण्यासाठी कॅनडातील बॅन्फ येथे १९९१ मध्ये झालेल्या बैठकीतून निर्माण झालेली वर्गीकरणपद्धती जगभर वापरतात. दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये आणि रक्तात आढळणारा दात्याचा डीएनए यांच्या तपासण्याही आता काही केंद्रांत होतात. तथापि त्या क्रिएटिनिन, प्रथिने व औषधपातळी या त्रयीची जागा घेत नाहीत.

औषधाची पातळी : काल आणि अनुपान

टॅक्रोलिमसची मात्रा वजनावरून एकदा ठरवून भागत नाही. थोडी कमी झाली तर अस्वीकृती आणि थोडी अधिक झाली तर त्याच औषधाने वृक्काला विषबाधा, अशी ही अरुंद वाट आहे. अनेक केंद्रांत पहिल्या काही महिन्यांत पातळी प्रति मिलिलिटर ८ ते १० नॅनोग्रॅमच्या आणि पुढे ५ ते ८ च्या आसपास राखतात. रुग्णानुसार हे बदलते. रक्त सकाळची मात्रा घेण्यापूर्वी द्यावे लागते. गोळी घेऊन मग रक्त दिले, तर आकडा फसवा येतो आणि त्यावरून मात्रा विनाकारण कमी केली जाण्याचा धोका असतो. रुग्णाला विचारण्याजोगा हा पहिला प्रश्न आहे.

औषधसेवनकाल व अनुपान यांचे महत्त्व वैद्यवर्गाला सांगावयास नको. टॅक्रोलिमस नेहमी ठरलेल्या अंतराने आणि आहाराच्या संदर्भात नेहमी एकाच पद्धतीने घ्यावे लागते. स्निग्ध भोजनासह घेतल्यास त्याचे शोषण घटते. पपनस, जे गणेशोत्सवाच्या सुमारास कोकणात घरोघरी असते, ते मात्र आंत्र व यकृतातील सायटोक्रोम ३ए४ या विकराला रोखून टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकते. द्राक्षफळाचा म्हणजे ग्रेपफ्रूटचा हा गुण सुविदित आहे आणि पपनस त्याच्याच कुळातले. असे फळ या रुग्णाने टाळावे.

आधुनिक औषधांतही हेच घडते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांनी पातळी वाढते, तर क्षयावरील रिफाम्पिसिनने ती झपाट्याने घटते. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण पाहता हा प्रसंग अनेकदा येतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके तर वृक्काला थेट इजा करतात. ‘अंगदुखीवर एक गोळी’ म्हणून ती या रुग्णास कदापि देऊ नयेत.

आपल्या औषधपेटीचा विचार

आता आपल्या औषधांकडे वळू. हा भाग आम्ही कोणावर टीका म्हणून लिहीत नाही. आपली औषधे निर्वीर्य आहेत असे मानणाऱ्यास त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. ती वीर्यवान आहेत असे आपण मानतो, म्हणूनच येथे सावधगिरी हवी.

मूत्रविकारात आपल्या हातून सर्वांत सहज लिहिली जाणारी चंद्रप्रभा वटी हेच उदाहरण घेऊ. तिच्यात गुडूची आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडूचीचा प्रतिकारशक्तीवर्धक गुण अभ्यासला, आणि अवरोधजन्य कामलेच्या रुग्णांतील त्यांचे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. जो गुण तेथे उपकारक, तोच येथे अपकारक ठरू शकतो. चंद्रप्रभेत पिप्पली व मरिच आहेत. त्रिकटूमुळे अन्य औषधांचे शोषण वाढते, याकडे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. के. अटल यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. त्यातील पायपेरिन हे द्रव्य वर उल्लेखिलेल्या विकराला रोखते, असे पुढे दिसून आले. चंद्रप्रभेत गुग्गुळ आहे. त्यातील गुग्गुलस्टेरोन हे याच विकराची निर्मिती वाढवू शकते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे एकाच वटीत टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकणारे आणि घटवू शकणारे असे दोन्ही घटक आहेत. परिणाम कोणत्या दिशेने होईल हे आधी सांगता येत नाही. याशिवाय क्षार व लवणे आहेत, लोह व माक्षिक आहे. निरोगी वृक्काच्या रुग्णात ज्या वटीबद्दल आपण क्षणभरही विचार करीत नाही, ती येथे पाच निरनिराळ्या प्रश्नांना जन्म देते.

दुसरे उदाहरण श्वेतपर्पटीचे. तिचा मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन ही दोन्ही औषधे पोटॅशियमचे उत्सर्जन कमी करतात. न्यूमोनिया टाळण्यासाठी आरंभीचे काही महिने दिले जाणारे को-ट्रायमॉक्साझोलही तेच करते. अशा वेळी श्वेतपर्पटी, यवक्षार, पुनर्नवेचा क्वाथ आणि वर ‘शहाळ्याचे पाणी भरपूर प्या’ हा सल्ला एकत्र आला, तर रक्तातील पोटॅशियम हृदयगतीस धोका होण्याइतके वाढू शकते. मूत्रदाहाची तक्रार असेल, तर आधी मूत्राची कल्चर तपासणी हवी.

अश्वगंधेचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम पुण्यातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविला. च्यवनप्राशादी रसायनकल्पांचा हेतूही बलवर्धन हाच आहे. २०२० च्या साथीत गुडूचीघन वटी व मरिचयुक्त काढा घरोघरी पोहोचला. तो काढा सर्वांसाठी एकच, असा समज तेव्हापासून रूढ झाला आहे. प्रत्यारोपित रुग्णास ‘घरात सगळे घेतात, तेच मीही घेतो’ असे म्हणू देऊ नये. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो. हरिद्रा स्वयंपाकात असते तेवढी असू द्यावी, पण तिच्या अर्काच्या गोळ्या देऊ नयेत.

रसौषधींविषयी पुष्कळ वाद झाला आहे. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शास्त्रोक्त शोधन-मारण झालेले भस्म आणि बाजारातील निकृष्ट माल यांत अंतर आहे, हे आपण जाणतो. परंतु प्रत्यारोपित व औषधांनी आधीच ताणलेल्या वृक्कात ती सुरक्षित आहेत, असे दाखविणारा पुरावा आपल्यापाशी नाही. तो नसताना ती न देणे हाच विवेक.

संदिग्ध द्रव्यांचा प्रश्नही येथेच येतो. ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींमुळे अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. नामसादृश्यामुळे एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुलातील दुसरी वापरली गेली होती. आपली ईश्वरी व कीटमारी याच कुलातील आहेत. गुडूचीच्या नावाने तिच्याच कुलातील दुसरी वेल मिळण्याचा धोकाही २०२१ मध्ये, यकृतविकाराच्या वादाच्या निमित्ताने, चर्चेत आला होता.

लक्षणांचा भ्रम

औषधांच्या परिणामांना स्वतंत्र व्याधी मानून चिकित्सा सुरू करण्याचा मोह टाळावा. हातांना कंप सुटला, तर तो कंपवात समजून औषध देण्यापूर्वी टॅक्रोलिमसची पातळी पाहावी. कंप हे ती वाढल्याचे परिचित चिन्ह आहे. मुखाची गोलाई व उदरवृद्धी ही प्रेडनिसोलोनमुळे असते, पण पायांवरील शोथ व एकाएकी वाढलेले वजन ही वृक्काची सूचना असू शकते. खालित्य टॅक्रोलिमसने, तर अतिरोमता व हिरड्यांची वाढ सायक्लोस्पोरिनने होते.

अतिसाराकडे विशेष लक्ष द्यावे. तो मायकोफिनोलेटमुळे असू शकतो, जंतुसंसर्गामुळे असू शकतो. अतिसारात औषध वाहून जाते, म्हणून पातळी घटेल असे वाटते. प्रत्यक्षात टॅक्रोलिमसची पातळी पुष्कळदा वाढते आणि जलक्षयाची भर पडून वृक्कास दुहेरी इजा होते. कुटज-बिल्व देऊन दोन दिवस वाट पाहण्याचा हा अतिसार नव्हे.

ज्वराचेही तसेच. स्टेरॉइडमुळे ज्वर दबलेला राहतो. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइटचा ज्वर या रुग्णात सामान्य मानू नये. पहिल्या महिन्यात शस्त्रकर्माशी निगडित संसर्ग, पुढे सहाव्या महिन्यापर्यंत सुप्त विषाणूंसारखे संधिसाधू संसर्ग, आणि त्यानंतर समाजात आढळणारे नेहमीचे संसर्ग असा सामान्य क्रम असतो. क्षयाची शंका मात्र कोणत्याही काळी मनात ठेवावी.

पंचकर्म

वमन व विरेचन या रुग्णात करू नये. जलक्षय आणि औषधशोषणातील बदल या दोन्ही कारणांनी ते घातक ठरते. जलौकावचरण टाळावे, जळूच्या आंत्रात एरोमोनास जंतू असतात आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत ते गंभीर संसर्ग करू शकतात. बस्तीही संसर्गाच्या भयास्तव वर्ज्य समजावा. सौम्य अभ्यंगास सर्वसाधारण हरकत नाही, पण अधोदरातील वृक्कस्थानी मर्दन करू नये.

मग वैद्याने काय करावे?

एवढे निषेध वाचल्यावर आपल्या हाती काय उरले, असा प्रश्न पडेल. आमच्या मते पुष्कळ उरते.

१. प्रत्येक नव्या रुग्णास, विशेषतः रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णास, ‘कोणते मोठे शस्त्रकर्म झाले आहे काय’ हे विचारावे.

२. सध्याच्या सर्व गोळ्या प्रत्यक्ष पाहाव्यात व नोंदवाव्यात. कोणतीही गोळी कमी करण्याचा वा थांबविण्याचा सल्ला देऊ नये. वृक्क कित्येक वर्षे उत्तम चालला म्हणून शरीराने तो आपला मानला, असे होत नाही.

३. रुग्ण गुपचूप काही वनौषधी घेत असेल, तर ती न रागावता विचारून घ्यावी आणि वृक्कतज्ज्ञास कळविण्यास सांगावे. रुग्ण जे तेथे सांगत नाही, ते आपल्याला सांगतो. या विश्वासाचा उपयोग त्याच्या वृक्कासाठी व्हावा.

४. काही औषध देणे आवश्यकच वाटले, तर घटकद्रव्यांसह वृक्कतज्ज्ञास पत्र लिहावे. त्यांच्या संमतीवाचून देऊ नये. संमती मिळाल्यास औषध सुरू केल्यावर आणि बंद केल्यावरही पातळी पाहिली जाईल, याची खात्री करावी.

५. रुग्णास वही ठेवण्यास शिकवावे. रोज सकाळचे वजन, रक्तदाब, तापमान आणि सांगितले असल्यास मूत्राचे प्रमाण लिहावे. अहवाल तारखेनुसार लावून ठेवावेत.

६. पुढील लक्षणे दिसताच त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे : ज्वर, मूत्र कमी होणे, मूत्रात रक्त, वृक्कस्थानी वेदना वा फुगवटा, एक-दोन दिवसांत वाढलेले वजन, पायांवर शोथ, वाढता रक्तदाब, उलटी किंवा अतिसार, आणि गोळ्यांच्या मात्रा चुकणे.

७. आहार, निद्रा, व्यायाम, शौच यांविषयीचे मार्गदर्शन हे आपले बलस्थान आहे. ताजे, शिजविलेले अन्न, स्वच्छ पाणी, मीठ बेताचे, वजन आटोक्यात, तंबाखू वर्ज्य, ही पथ्ये वृक्कतज्ज्ञ सांगतातच. पण ती घरात कशी पाळावयाची, हे आपण वेळ देऊन समजावू शकतो.

८. दात्याची विचारपूस करावी. एका वृक्कावर जगणाऱ्या त्या व्यक्तीचाही रक्तदाब, क्रिएटिनिन व मूत्रातील प्रथिने वर्षातून एकदा तपासली गेली पाहिजेत. घरातील सारे लक्ष रुग्णाकडे असते आणि ही गोष्ट हमखास राहून जाते.

यांतील दुसरा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. शस्त्रकर्मानंतर दोन-तीन वर्षे उलटली, आकडे चांगले आले, खर्चाचा भार जाणवू लागला, की गोळ्या चुकू लागतात. उशिरा होणाऱ्या अस्वीकृतीचे हे एक प्रमुख कारण आहे. खर्चामुळे मात्रा चुकत असेल, तर ते रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांच्या कानी घालावे. मनोबल खचल्यामुळे चुकत असेल, तर सत्त्वावजय चिकित्सेचे ते योग्य क्षेत्र आहे. रुग्णाचे गाऱ्हाणे ऐकून घेणे आणि त्याला पुन्हा नियमावर आणणे हे काम आपण निश्चितच करू शकतो.

औषध देणे हे जसे वैद्याचे कर्तव्य, तसेच योग्य ठिकाणी औषध न देणे हेही. या रुग्णाने ‘काही तरी द्या’ म्हणून आग्रह धरला, तर त्याची वही मागावी, शेवटच्या तीन अहवालांतील क्रिएटिनिन एकाखाली एक लिहावे आणि पुढील तपासणीची तारीख त्याच्याकडून वदवून घ्यावी. त्या भेटीत एवढे झाले, तरी चिकित्सा झाली असे समजावे.